पिवळ्याच्या खाली रंग नाही

चैत्र अर्धा सरला की आमच्या बोअरची मोटर खोकायला लागते. आधी पाणी येतं, मग हवा, मग गढूळसं काहीतरी, आणि पुन्हा हवा. परवा सकाळी पूजेला बसले होते. तळहातावर इष्टलिंग, कपाळाला विभूती, आणि मागच्या अंगणातून ती खरखर ऐकू आली. डोळे मिटलेलेच ठेवले. मन मात्र उठलं आणि बैठकीतल्या काचेच्या टाकीपाशी जाऊन उभं राहिलं. अशा वेळी शेजारणीचं मन हंड्या-घागरींकडं धावतं. माझं माशांकडं धावतं.

लातूरच्या बाईला उन्हाळा काय काय शिकवेल, नेम नाही.

आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर. जळकोटहून लग्न होऊन आले तेव्हापासून गल्ला ह्यांच्याकडं आणि रंग माझ्याकडं, अशी वाटणी आहे. गिऱ्हाईक बाई साडीचा पदर पुढं करते आणि मी मागं न बघता हात घालून कापडाचं थान ओढते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सगळे रंग खोटं बोलतात. म्हणून मी बाईला कापड घेऊन दाराबाहेर उन्हात नेते, मगच कात्री लावते. काही वर्षांमागच्या एका उन्हाळ्यात ह्याच डोळ्यांनी मी पाण्याचे रंग बघितले, आणि आयुष्यात कधी कापडाच्या रंगाला भ्याले नव्हते तेवढी त्या काचेच्या बोटभर नळीतल्या रंगाला भ्याले.

माझी सून ऋतुजा नांदेडची. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. लग्नानंतर तिचं सामान टेम्पोतून आलं त्यात पुस्तकांची खोकी होती, आणि गाद्यांमध्ये गुंडाळलेली ही तीन फुटी टाकी होती. मासे वेगळे, प्लास्टिकच्या पिशव्यांत पाणी भरून, संगमेशच्या मांडीवर. संगमेश म्हणजे माझा मुलगा. आमच्या घरात अंड्याचं नाव निघत नाही, आणि सून मासे घेऊन उंबऱ्यात उभी! मी ह्यांच्याकडं बघितलं. हे हसून म्हणाले, "अगं, खायला थोडेच आणलेत? बघायला आणलेत."

टाकीत तिनं एक वाळलेलं मूळ ठेवलं. वेडंवाकडं, हरणाच्या शिंगासारखं फाटे फुटलेलं. गोदावरीच्या पुरानंतर काठाच्या गाळात ते तिला आणि तिच्या भावाला सापडलं होतं म्हणे. दोघांनी ते हंड्यात घालून उकळ उकळ उकळलं, तरी पाण्यात ठेवल्यावर त्याचा रंग सुटायचाच. पाणी फिकट कोऱ्या चहासारखं दिसायचं. मला ते बघवत नव्हतं.

"अगं, पाणी घाण झालंय की."

"घाण न्हाई आत्या, लाकडाचा रंग हाय. ह्या माशांचं मूळ गावच असल्या पाण्याचं."

आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात. म्हणायला गोड नातं आहे. पण आमच्यात तेव्हा गोडवा फारसा नव्हता. भांडणही नव्हतं. ती तिच्या कॉलेजात, मी माझ्या दुकानात. टाकी तिची होती. मी तिच्यावरची धूळसुद्धा पुसत नव्हते.

मग तो उन्हाळा आला.

त्याच्या आधी दोनदा आमच्या घरात आनंदाची बातमी आली होती आणि दोनदा तशीच निघून गेली होती. पहिल्या वेळी कुणाला सांगायच्या आतच. दुसऱ्या वेळी पाचवा महिना लागला होता, ऋतुजा माहेरी गेली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बजावलं की प्रवास नको, जिना नको, उठणं फक्त न्हाणीपुरतं. म्हणजे बाळंतपण माहेरी होणार नव्हतं. पंख्याची हवा जिथं चांगली लागते त्या बैठकीच्या खोलीत आम्ही पलंग आणला, पायथ्याकडच्या खुरांखाली विटा लावल्या, आणि ऋतुजा तिथं आडवी झाली. तिच्या डोळ्यांसमोर नेमकी टाकी होती. दिवसभर दुसरं बघायला काही नव्हतंच.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते कुणापाशी बोलले नाही. ह्या खोलीत काही मरता कामा नये, एवढंच आलं. मी अडाणी नाही. शकुन-अपशकुन मी गिऱ्हाइकांचे ऐकते आणि सोडून देते. पण सोडून दिलेलं सगळं कुठंतरी साचलेलं असतंच. दोन चपटे अँजल मासे, अंगावर काळे पट्टे, पतंगासारखे तरंगणारे. आणि जरीच्या टिकल्या सांडाव्यात तसे चमचमणारे इवले निऑन. त्यातलं एक जरी उलटं होऊन वर आलं तर ही पोरगी पलंगावरून ते बघणार, आणि उठून जायचीही तिला मुभा नाही. मी दुकान ह्यांच्यावर सोडलं आणि टाकीची राखण हाती घेतली.

ऋतुजा झोपल्या झोपल्या सांगायची, मी करायची. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचं, आणि जो रंग येईल तो कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. मला हसूच आलं.

"हे तर माझंच काम की गं!"

"म्हणून तर तुम्हाला सांगून राहिले," ती म्हणाली. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मी नळी घेऊन दारात गेले, मागं पांढरं अस्तर धरलं, आणि उन्हात बघितलं. "रामा," मी तिथूनच ओरडले. निळा आणि हिरवा यांच्या मधल्या रंगाला आमच्या धंद्यात रामा म्हणतात. तिनं कार्डावर बघून आकडा सांगितला. पीएच सातच्या थोडा वर. मग समजावलं, की पाणी आंबटाकडं झुकलं की नळी पिवळी होते, अल्कलीकडं झुकलं की निळी. आमच्या बोअरचं पाणी जड. भांड्यावर पांढरा थर धरणारं. लाकूड सारखा थोडा थोडा आंबटपणा सोडत असतं, आणि ते जड पाणी तो आंबटपणा पोटात घेतं. म्हणून रंग हलत नाही.

"मग किती पाहिजे नेमका?" मी विचारलं. दुकानदाराला नेमकं लागतं.

"आकड्यामागं लागायचं न्हाई आत्या. पुस्तकात अजून खाली लिहिलंय. पण हे मासे इथं रुळलेत. जिथं हाय तिथं ठरून राहिलं पाहिजे. मासा थोडं कमी-जास्त सोसतो, सारखी वर-खाली सोसत न्हाई."

तिचा एक हात पोटावर होता. तो सदान्कदा तिथंच असायचा, दार लोटून धरावं तसा.

वैशाख लागला आणि बोअरनं हात टेकले. गल्लीत टँकर यायला लागला. त्या पाण्याला आज चिखलाचा वास, उद्या औषधाचा. मी पेलाभर पाणी ऋतुजाच्या नाकाशी नेलं. तिनं वास घेतला आणि मान हलवली. "हे टाकीत नको." मग आम्ही पिण्याच्या पाण्याचे जार घेत होतो त्यातलंच थोडं थोडं टाकीत घालायचं ठरलं. सगळ्यांनाच ते पटलं. ती स्वतः तेच पाणी पीत होती. स्वच्छ, वास नाही, भांड्यावर डाग नाही. पोटातल्या बाळाला चालतं ते माशांना का नाही चालणार?

नळीचा रंग रामावरून हिरव्यावर आला. ऋतुजा खूश झाली. म्हणाली, पुस्तकात लिहिलंय तसं पाणी होऊन राहिलंय. मग हिरव्याचा पोपटी झाला. पोपटीवर थांबेल असं वाटलं. त्या दिवसांत दुपारी खिडकीला ओला पडदा लावायचे. त्यातून येणारा उजेड टाकीवर पडायचा आणि सगळी खोली चहाच्या रंगाची व्हायची. पंख्याची घरघर आणि टाकीच्या पंपाची बुडबुड. तिच्या आईचा नांदेडहून फोन यायचा. "पोरगी कशी हाय?" "बरी हाय." "जेवली का?" "जेवली." फोन ठेवला की मी तिच्या चेहऱ्याकडं चोरून बघायची. ती टाकीकडं बघत असायची.

एका सकाळी मी उठून आले तर एक निऑन लाकडाच्या फाट्याला चिकटलेला, रंग उडालेला. ऋतुजा झोपेत होती. मी चाळणीनं तो काढला, कुंडीतल्या मातीत पुरला, हात धुतले, आणि काही न झाल्यासारखं दाखवत चहा ठेवला.

चहा पिता पिता ती म्हणाली, "आत्या, एक निऑन कमी हाय."

"असेल की लाकडामागं."

"न्हाई. मी रोज मोजते."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"मागच्या वेळी नांदेडच्या दवाखान्यात मला सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर आणलं. सगळ्यांना माहीत होतं. भावाला, आईला. संगमेशला फोनवर माहीत होतं. मी विचारून राहिले तर सगळे म्हणे, झोप, आराम कर. माझ्याच पोटातलं मला सगळ्यात शेवटी कळलं." ती थांबली. "मेलं तर मेलं म्हणून सांगत जा आत्या. लपवू नका. तुम्ही लपवलं की मला सगळंच मेल्यासारखं वाटतं."

मी तिच्या पायाशी पलंगावर बसले. म्हणाले, "कुंडीत पुरलाय. मोगऱ्याच्या."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि उरलेला चहा प्याली.

आमच्या पिढीला वाटायचं, वाईट बातमी आपण पोटात ठेवली की समोरच्याचं तेवढं ओझं कमी झालं. मी सासूला कितीतरी गोष्टी सांगितल्या नाहीत, सासूनं मला सांगितल्या नाहीत. माया दाखवायची तीच रीत होती आमची. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, की ज्याच्यापासून लपवतो तो त्या वेळी एकटा पडलेला असतो.

त्याच दुपारी नळीत लिंबू रंग आला. दुसऱ्या दिवशी पिवळा. साधा, चक्क पिवळा, हळदीच्या साडीवर जातो तसा. मी कार्ड तिच्यापुढं धरलं. पिवळा हा शेवटचा चौकोन होता.

"ह्याच्या खाली?" मी विचारलं.

"ह्याच्या खाली रंगच न्हाई. ह्याच्या खाली कितीही गेलं तरी पिवळंच दिसतं." तिनं कार्ड बाजूला सारलं. "कुठवर गेलंय ते आता कळत न्हाई आत्या."

एवढी वर्षं रंगांत घालवली, पण रंग संपतो आणि त्याच्या पुढंही घसरण चालूच असते, असं कधी मनात आलं नव्हतं.

अँजल टाकीच्या कोपऱ्यात पर मिटून तिरके उभे होते. निऑन कधी निपचित, कधी एकदम अंगात आल्यासारखे काचेवर धडकत होते. ऋतुजानं डोळे मिटून विचार केला आणि तिला उमगलं. जारच्या पाण्यातले सगळे क्षार आरओचं मशीन काढून घेतं. आंबटपणा पोटात घ्यायला त्या पाण्यात काही उरतच नाही. लाकूड आपलं काम करत होतं, जसं आधी करत होतं तसंच. पाण्यातला दम गेला होता.

हे दुपारच्या जेवणाला घरी आलेले. त्यांनी दारातूनच ऐकलं. "मग आंबट झालंय तर सोडा टाका की. खाण्याचा. पोटात आम्ल झालं की आपण घेतोच." माणूस मायेचा, पण हाताला दम नाही. स्वयंपाकघरातून डबा घेऊन आले आणि झाकण उघडून टाकीवर वाकले.

"अप्पा, नका!"

मी वळले. ऋतुजा उभी होती. पलंग सोडून, दोन्ही पायांवर, टाकीच्या काचेला हात टेकून. किती दिवसांनी मी तिला सरळ उभी बघत होते. मी ह्यांचं मनगट धरलं. सोडा फरशीवर सांडला. पंप बुडबुडत होता.

"आडवी हो," मी म्हणाले.

"एकदम वर नेलं तर सगळे मरतील," ती धापा टाकत सांगत होती. "आंबट पाण्यात घाण निजल्यासारखी असते. एकदम सोडा टाकला की तिचं विष होतं. हळू, आत्या. लई हळू."

"कळलं गं माय. तू आधी आडवी हो."

हे डबा हातात धरून तसेच उभे राहिले. घाम गळ्यावरून सदऱ्यात उतरत होता. "मला काय माहीत," ते पुटपुटले. त्यांना कुणी काही म्हटलं नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी तिच्या कमरेत कळ आली. तिनं ती लपवली नाही. मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, "दुखून राहिलंय. आणि डाग दिसलाय." मी संगमेशला फोन लावला. गाडी येईपर्यंत तिचा हात धरून बसले. तो हात थंड होता, आणि बाहेर तर अंगाची लाही होत होती. गाडीत बसताना ती मला म्हणाली, "मठातल्या हातपंपाचं पाणी जड हाय. ते वापरा. थेंब थेंब." मी मान हलवली. त्या वेळी तिनं आकाशातली चांदणी मागितली असती तरी मान हलवली असती.

संगमेश दवाखान्यात तिच्यापाशी राहिला. मी सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायची आणि मधल्या वेळात टाकीशी असायची. कुणी म्हणेल, सून दवाखान्यात आणि ही बाई माशांत काय गुंतलीय! गल्लीतली एक म्हणालीच. घरी येऊन नुसतं बसलं की छातीत धडधडायचं. हातपंपाचा दांडा मारताना ते जरा कमी व्हायचं.

गल्लीच्या टोकाला असलेल्या मठाच्या आवारातला तो पंप जुना. पाणी प्यायला कुणी नेत नाही, इतकं ते जड. मी घागर भरून आणायची, ती बादलीत ओतून बादली स्टुलावर ठेवायची, आणि औषधाच्या दुकानातून आणलेली सलाईनची नळी लावायची. नळीचं चाक फिरवून धार एवढी बारीक करायची की थेंब पडला की दुसऱ्याची वाट बघावी. तेवढंच पाणी टाकीतून काढायचं. दवाखान्यात ऋतुजाच्या हाताला अशीच नळी होती. डबा देऊन घरी आले की इथली बघायची, इथली नीट केली की तिथली आठवायची. कधी कधी दोन्ही एक व्हायच्या आणि मला पदरानं डोळे पुसावे लागायचे.

ऋतुजानं फोनवर अजून एक सांगितलं. शिंपले. कुटून फिल्टरात ठेवले तर पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पाण्याला पुन्हा दम येतो. लातुरात शिंपले कुठले? माळ्यावरच्या पेटीत सापडले; संगमेश लहान असताना गोकर्णला दर्शनाला गेलो होतो, तेव्हा त्यानं समुद्रावरून खिसे भरून आणलेले. आता ते कुटायचे कशात? घरात खलबत्ता एकच, वेलदोडे-सुंठ कुटायचा. शिंपला म्हणजे कुणाचं तरी घर, कुणाचं तरी अंग. मी थोडा वेळ खलबत्त्यापुढं बसून राहिले. मग "ओम नमः शिवाय" म्हटलं आणि कुटले. दुकानातल्या उरलेल्या नेटच्या कापडाची पिशवी शिवली, दुहेरी टीप मारून, आणि शिंपल्यांची भरड तिच्यात घालून फिल्टरात ठेवली. खलबत्ता राखेनं तीनदा घासला.

ह्यांनी एकदा विचारलं, "ते लाकूडच काढून टाकू का? खरा दोष त्याचाच."

"राहू द्या," मी म्हणाले. "अँजल रात्रंदिवस त्याच्याच आडोशाला असतात. आडोसा काढून घेतला तर आधी भीतीनं मरतील."

दुसऱ्या दिवसापासून घागर हेच आणायला लागले.

फोनवर आमचं बोलणं ठरलेलं. ती विचारायची, "रंग?" मी सांगायची, "पिवळाच." मग एक दिवस, "पिवळाच, पण लिंबू रंगाकडं बघतोय." ती हसल्यासारखा श्वास सोडायची. मग ती दुसरं विचारायची, आणि मी खरं सांगायची. "आज दोन गेले." "आज एक." पलीकडून काही क्षण नुसता दवाखान्याचा आवाज यायचा, ट्रॉलीची चाकं, कुणाचं तरी नाव पुकारलेलं. मग ती विचारायची, "अँजल?" "हायेत." "पर उघडलेत?" "एकाचे उघडलेत. दुसऱ्याचे अजून न्हाईत." "बरं." आणि मग मी विचारायची, "डाग?" तीही खरं सांगायची. "आज बी दिसला." "आज न्हाई." एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी इतकं सरळ बोललो नव्हतो.

सोनोग्राफीच्या दिवशी मी दवाखान्यातच होते. संगमेश औषधं आणायला खाली गेला होता. तपासणी करून ऋतुजाला खोलीत आणलं होतं, आणि बाहेरच्या बाकावर मी एकटी. डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन आल्या.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

"सासू."

"जरा इकडं या. बोलायचंय."

वाटलं, ऐकून घ्यावं, पोटात ठेवावं, आणि तोंडावर हसू आणून आत जावं. हे मला जमलं असतं. आयुष्यभर जमवलेलंच होतं. मी बाकावरून उठले.

"बोला मॅडम," मी म्हणाले, "पण तिच्यासमोर बोला."

"तिला टेन्शन नको म्हणून..."

"तिला न सांगितल्याचंच टेन्शन येतं. जे असेल ते तिला आधी सांगा. मी तिच्या शेजारी उभी राहते."

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. मग दार ढकलून आत गेल्या. मी ऋतुजाच्या उशाशी उभी राहिले. तिनं आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि तिचा हात पोटावर गेला.

"बाळाभोवतीचं पाणी थोडं कमी झालंय," बाई म्हणाल्या. "ठोके चांगले आहेत. टाका धरून आहे. पण घरी नाही सोडणार. रोज बघावं लागेल."

ऋतुजानं विचारलं, किती कमी, कशानं, पुढं काय. केमिस्ट्रीच्या बाईनं विचारावं तसं, एकामागून एक. डॉक्टरीणबाई कॉटच्या कडेला बसल्या आणि सगळं सांगितलं. त्या गेल्यावर ऋतुजा माझ्याकडं वळली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "आत्या, मला झोप येऊन राहिलीय." आणि खरंच झोपली, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी. मी तिथं उभी राहून आधी तिचं पांघरूण नीट केलं, आणि मग मात्र बाहेर बाकावर येऊन पदर तोंडात धरून रडले. संगमेश औषधं घेऊन आला तो मला तसं बघून पांढराफटक पडला. "ठोके चांगले हायेत," मी आधी तेवढं सांगितलं. "धीर सोडू नको. बस."

त्यानंतरही तो उन्हाळा लांबतच गेला. मृग कोरडा गेला. नळी लिंबू रंगावरून पोपटीवर यायला कितीतरी दिवस लागले, आणि पोपटीवर आल्यावर मी तिला तिथंच धरून ठेवली. रामापर्यंत न्यायचा हट्ट धरला नाही. निऑनमधले मूठभर उरले. अँजल दोन्ही उरले. आर्द्रा निघता निघता, दिवस भरायच्या आधी, ऑपरेशन करून मुलगी झाली. वजन इतकं कमी की नर्सनं तिला दाखवलं तेव्हा मला आधी फक्त दुपटंच दिसलं. तिलाही बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ती घरी आली तेव्हा बाहेर श्रावण होता, आणि टाकीतल्या पाण्याचा रंग बघायला त्या दिवशी कुणाला आठवण झाली नाही.

आता ती पोरगी घरभर धावते. ऋतुजा पुन्हा कॉलेजात जाते. टाकी कुणाची म्हणून विचारलं तर आम्ही दोघी एकमेकींकडं बोट दाखवतो. जारचं पाणी आता घालायचं झालं तर मठातल्या पाण्याची भेळ करूनच घालते.

गेल्या आठवड्यात एक नवलच झालं. अँजलच्या जोडीनं लाकडाच्या फाट्यावर अंडी घातली. साबुदाण्याच्या कण्यांसारखी, रांगेत चिकटवलेली. दोघं मिळून त्यांना पंखांनी वारा घालत होती. दुसरा मासा जवळ आला की अंगावर जात होती. आमच्या घरात अंड्याचं नाव काढत नाहीत म्हणणारी मी, दुकान सोडून टाकीपुढं पाट घेऊन बसले. ह्यांनाही बोलावलं. पोरीला कडेवर घेऊन दाखवलं. दोन दिवस जिवाला घोर. दार आपटलं की मी ओरडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर फाटा रिकामा. एकही अंडं नाही. अँजल शेजारीच तरंगत होते, निवांत, पर पसरून. त्यांनीच खाल्ली होती. ऋतुजा कॉलेजातून यायची वेळ झाली होती, आणि मला वाटलं, ती चप्पल काढते आहे तोवर काहीतरी दुसरं बोलावं, पोरीचं, भाजीचं. ती आत आली. मी म्हणाले, "ऋतुजा, अंडी न्हाईत. खाल्ली त्यांनी."

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून टाकीशी वाकली. तिचा चेहरा मला काचेत दिसत होता, पण चहाच्या रंगातून, धड कळेल असा नाही.

"होतं असं आत्या," ती म्हणाली. "पहिल्या-दुसऱ्या वेळी खातात. घाबरतात बिचारे. परत घालतील."

"तुला वाईट न्हाई वाटलं?"

"वाटलं की," ती म्हणाली. "लई वाटलं." मग पर्स खुर्चीवर ठेवली, न्हाणीत जाऊन हातपाय धुतले, आणि ओल्या हातांनीच ताट घेऊन माझ्या शेजारी जेवायला बसली.